काठीच्या टोकाची माती

ये, हा कागद जवळ धर, म्हणजे माझ्याशेजारी बसल्यासारखं होईल. नातीकडून फोनवर अर्धंमुर्धं ऐकलंस आणि तिकडे ओझरला हसत सुटलीस ना? माझ्या पाठची बहीण तू, पण अक्कल अजून परकरातलीच. आता नीट ऐक.

गदगच्या डोंगरात सोन्याच्या जुन्या खाणी आहेत, हे आपल्या आबांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. नातीला गाडीत सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आपण झारेकरी, सराफ बाजारातल्या पेढ्यांची धूळ झाडून आणायची, आपल्या गावच्या गंगेवर, नदीकाठी, लाकडी पाटीत धुवायची, तळाला राहिलेला सोन्याचा कण उचलायचा. आबा म्हणायचे, "सोनं मातीतनं निघतं म्हणे. मला तर केरातच भेटलं." खाणीची माती एकदा तरी पाटीत धुवायची त्यांची हौस राहून गेली. म्हणून मूठभर माती आणायला मी निघाले.

चढ वाईट. वाट कसली, पाण्यानं कोरलेली घळ. पायाखाली सुटे खडे, दोन्हीकडे डोक्याएवढं वाळकं गवत. दोनदा मी बसकण मारली.

"आजी, परत फिरू या का?"

"तू फीर. मी तुझ्या पणजोबांना काय तोंड दाखवू?"

"ते आहेत कुठे?"

"तेच म्हणते. तिकडे जायची पाळी आधी माझी आहे, तुझी नाही."

शेवटचा टप्पा हात टेकून, रांगत चढले. वर खाणीचं तोंड, झुडपांनी झाकलेलं, पुढे थोडी ओल. काठी रोवली, वाकले, मूठ भरली. तोच सोबत आलेला वनखात्याचा माणूस म्हणाला, "अम्मा, यहाँ से कंकर भी नहीं ले जाना." मूठ उघडली. काय करणार, नियम तो नियम.

नात कानाशी लागली, "आजी, बुटात बघ किती गेलीय." खरंच, बूट लाल मातीनं भरले होते. बोटं आवळून सगळा डोंगर उतरले. खडे टोचत होते, पण काढले नाहीत.

आणि खाली फाटकाशी आल्यावर? दगडावर बसले, बूट काढले, उलटे करून आपटले. मोजे झटकले, तळवे पुसले. सगळं तिथंच.

"आजी! अगं काय केलंस हे!"

तेव्हा कुठे कळलं.

हसू नकोस. उंबऱ्यावर तळवे झटकल्याशिवाय आबांनी आपल्याला कधी पेढीबाहेर पडू दिलं का? पायाला लागलेली धूळ पेढीवाल्याची. तू एकदा विसरलीस, तर अर्ध्या बाजारातून माघारी धाडलं होतं तुला. तीच सवय फाटक बघून जागी झाली.

घरी आल्यावर काठी कोपऱ्यात ठेवताना पाहिलं, खालच्या रबरी टोपणात लाल चिखल घट्ट बसलेला. चिमूटभरच. काठी झटकायचं आपल्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या वनखात्याच्या माणसाची मनातल्या मनात माफी मागितली.

टोपण तसंच ठेवलंय. झाडणारी मी, धुणारी तू. हात तुझा हलका. माझ्या हातनं कण असला तरी वाहून जायचा, आणि नसला तर तू मलाच बोल लावशील. तेव्हा बस पकड, इथल्या द्वारका चौकात उतर, नात घ्यायला येईल. आबांची पाटी सुकून तडकली होती, ती भिजत घातलीय. लाकूड फार दिवस भिजत ठेवता येत नाही. लवकर ये.