दोन याद्यांमधलं घर

कानआप्पा कुठल्याही घरात एकदम शिरत नसत. फाटकाशी नाहीतर गोठ्याच्या आडोशाला उभे राहायचे, छत्री काखेत, मान जराशी तिरकी, आणि घरातली बाई कोंबड्या कुठल्या भाषेत हाकलते ते ऐकायचे. मराठीत हाकलल्या की पिशवीतून मराठी तक्ता निघायचा. कन्नडात हाकलल्या की मागे वळून मला खूण करायचे, "जा गं, तुझं घर हाय." मी एकदा म्हटलं, सरळ विचारा की बाईला. तर म्हणाले, "पाव्हण्यासंगं माणूस पाव्हण्याची भाषा बोलतंय. कोंबडीसंगं खोटं कोण बोलत न्हाय." कानआप्पा हे नाव आम्ही मागून ठेवलेलं, पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

हा कान आला कुठून, ते त्यांनी एकदाच सांगितलं. ते निपाणीचे. आई तंबाखूच्या वखारीत राबलेली. घरात शिकून सरकारी नोकरीला लागलेले हेच पहिले, आणि तेही आरोग्य खात्यात, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन. "पंप घरात चालायचा, मी चालत न्हवतो," ते हसत म्हणाले. "फाटकाशी थांब म्हणायचे. तासतासभर थांबलोय. मग आत कोण हाय, कोण आजारी, कुणाचं भांडण, समदं आयकून कळायला लागलं." मला हसू आलं नाही. त्यांनी मात्र लगेच विषय बदलला आणि चहा मागवला. अशी माणसं राग कुठे ठेवतात कोण जाणे!

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या बेळगावातली एक संस्था आणि सीमेपलीकडची एक, अशा दोन संस्था एकत्र आल्या होत्या. विकास टिकाऊ आहे की नुसता दिसतोय, हे कशावरून ओळखायचं? त्यासाठी निर्देशक हवेत, आणि ते दोन्हीकडच्या गावांना एकच हवेत. ओढा एक, जत्रा एक, सोयरिकी एकमेकांत, आणि मोजपट्ट्या मात्र दोन राज्यांच्या दोन, हे किती दिवस चालायचं? म्हणून निर्देशकांची एक यादी करायची, निपाणीच्या आसपासच्या गावांतून ती घरोघर वापरून बघायची, आणि जे फसेल ते बदलायचं. मी वडगावची, घरात माग, बोलणं मराठी, शाळा कन्नड. कन्नड तक्ते माझ्याकडे आले, ते भरून बेळगावला जायचे. मराठी तक्ते आप्पांकडे, ते पलीकडे. माझी नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची. आप्पा निवृत्त, त्यांना काय, हौस.

पण काय हौस! यादीत एक निर्देशक होता, पाणी घरापासून अर्ध्या तासाच्या आत आहे का. आप्पांनी तो वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. "अर्धा तास कुणाचा? माझा रिकाम्या हाताचा, का डोईवर घागर घेतलेल्या बाईचा?" दुसऱ्या दिवशी साठी उलटलेल्या या माणसानं खरोखर भरलेली घागर खांद्यावर घेतली आणि चढ चढून आले. अख्खी गल्ली हसायला गोळा झाली. सदरा भिजला, टोपी एकदा पडली, तीन वेळा थांबले. मग घड्याळ माझ्यासमोर धरलं. "लिव." पलीकडच्या संस्थेतल्या मॅडमनी तो निर्देशक बदलून घागरीसकट चालण्याचा केला. त्या दिवशी आप्पांचा चेहरा नवऱ्या मुलासारखा झाला होता.

एक गोष्ट मात्र त्यांना फार लागली होती. फवारणीच्या दिवसांत काम झालं की भिंतीवर गेरूनं तारीख टाकायची त्यांची सवय. इथे तसं करायचं नाही, असं ठरलं. आमच्या भागात भिंतीवर अक्षर काढलं की ते कन्नड का मराठी, यावरून संध्याकाळपर्यंत गावात दोन गट पडतात. कुणाचं डोकं फिरवायचं नाही म्हणून एकाही दारावर खूण करायची नाही, यावर दोन्ही संस्थांचं चटकन एकमत झालं. आप्पा कुरकुरले, "खुणेबिगर घर म्हंजे तोंडी कारभार." पण ऐकलं.

तक्ता भरून झाला की त्या घरातलं पिण्याचं पाणी आतून औषध लावलेल्या एका छोट्या बाटलीत खुणेपर्यंत भरायचं आणि ठेवून द्यायचं. एकदोन दिवसांत बाटली काळी पडली तर पाणी वाईट. इतकं सोपं. माळावरच्या वस्तीत नळ आला होता, आणि आमच्या बाटल्या एकूण एक स्वच्छ राहिल्या. वस्तीचं पाणी सुरक्षित, असं मी माझ्या तक्त्यात लिहिलं, आप्पांनी त्यांच्या. मी लिहिलं तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं होतं.

त्या वस्तीच्या टोकाला, ओढ्याकडच्या उताराला एक घर होतं. आप्पा पुढे होते, मी मागच्या घरात अडकलेली. मी तिथे पोचले तर एक तरणी बाई विहिरीच्या काठावरून नवऱ्याला हाका मारत होती, "अहो, दोरी आणा की!" चक्क मराठी. म्हणजे आप्पांच्या यादीतलं घर. पोटुशी होती, नुकतंच दिसायला लागलेलं. माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, "आक्का, पाणी पिता काय?" माझ्या पिशवीत माझी प्यायच्या पाण्याची बाटली होती. मी नको म्हटलं. विचारलं, "आमचे आप्पा येऊन गेले काय?" ती म्हणाली, "व्हय, मघाशी एक आजोबा फाटकाशी थांबलते." झालं. मी पुढच्या घराकडे वळले. एक प्रश्न आणखी विचारला असता तर! पण ऊन होतं, भूक लागली होती, आणि आप्पा म्हणजे आप्पा, ते काही घर सोडायचे नाहीत.

तीन महिन्यांनी दुसऱ्या फेरीला गेलो तेव्हा त्या घराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी म्हणाली, "सून गेली की. कावीळ झाली. गरवार बाई, आठ दिवसांत संपली. पोर पण गेलं पोटातलं." आप्पांनी विचारलं, पाणी कुठलं पीत होते? "नळ न्हाय आला तिथवर. हीर हाय त्यांची." आप्पा माझ्याकडे वळले. "पोरी, हे घर तुझ्याकडं हाय न्हवं?" मी म्हटलं, "आप्पा, तुमच्याकडं आहे ना?" घर दोघांच्याही यादीत नव्हतं. आप्पांनी पहिल्या फेरीत फाटकातून तिला कोंबड्या हाकलताना ऐकलं होतं, आणि तिनं त्या कन्नडात हाकलल्या होत्या. माहेर तिचं कन्नड, सासर मराठी. कोंबड्यांशी एक, नवऱ्याशी दुसरी. आमच्याकडे निम्मी घरं अशीच, हे आम्हा दोघांना चांगलं माहीत होतं! मला खूण करायला आप्पा मागे वळले असतील, पण मी मागे नव्हतेच. मी ती पाहिली असेल असं धरून ते पुढे गेले. घरांच्या दोन याद्या दोन गावांना गेल्या, शेजारी शेजारी ठेवून त्या कुणी पाहिल्याच नाहीत.

आप्पांनी त्याच दिवशी त्या विहिरीचं पाणी बाटलीत भरलं. दुसऱ्या दिवशी ते ती घेऊन माझ्याकडे आले. पार काळी. "सापडलं असतं गं," एवढंच म्हणाले. "त्याच दिशी सापडलं असतं."

तेव्हापासून ते बदलले. चालता चालता थांबायचे, मान तिरकी करायचे, "आयकलंस?" विचारायचे. मी म्हणायचे, काही नाही आप्पा. खोटं होतं. मलाही ऐकू यायचं, आणि अजून येतं. भर दुपारी, शहापुरात साड्यांच्या दुकानांमधून स्कूटर काढत असते, आणि मागून तो आवाज येतो, "आक्का, पाणी पिता काय?" मी दोनदा गाडी थांबवून मागे पाहिलंय. लोक हॉर्न वाजवतात. कुणाला काय सांगणार? घरी सांगितलं तर आईनं नारळ ओवाळून टाकला. नारळानं काय होतंय!

बेळगावला शेवटची बैठक झाली, निर्देशक पक्के करायची. आप्पा उठले. ती काळी बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "माझी एकच इनंती हाय. दर यादीच्या तळाला एक निर्देशक घाला. इचारायची ऱ्हायली ती घरं किती, आणि का ऱ्हायली." पलीकडच्या मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी समजावून सांगितलं, की निर्देशक गावाचा विकास मोजतात, आपल्या चुका नाही. आप्पा म्हणाले, "आमी ज्याला इचारलंच न्हाय, त्याचा इकास कशानं मोजणार बाई?" मग आमच्या संस्थेतल्या सरांनी विचारलं, "ही चूक नेमकी कुणाची?"

माझ्या पुढच्या करारावर त्याच आठवड्यात सही व्हायची होती. मी टेबलाच्या कडेकडे बघत बसले. आप्पांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "माझी," ते म्हणाले. "कन्नडात हाक ऐकली आनि फुडं गेलो. माझ्या कानानं मारली तिला."

त्यांना शाल आणि नारळ देऊन निरोप दिला. सत्कारच केला म्हणा ना! त्यांचा निर्देशक यादीत गेला नाही. माझा करार झाला. जिन्यावर मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर मागे सरले. "गप बसलीस ते बरं केलंस. तुला पोट हाय, पुढं काम हाय. पर कायमची गप बसू नको गं." यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर मला जड गेलं नसतं.

पुढे कळलं, की ते दर मंगळवारी एसटीनं त्या माळावर जातात आणि विहिरीत पाणी शुद्ध करायचं औषध टाकून येतात. नळ येईस्तोवर गेले. मग नळ आला तरी जातच राहिले. मला फोन करायचे, इकडचं तिकडचं बोलायचे, आणि ठेवताना म्हणायचे, "एकदा जाऊन ये तिथं. माझ्यासाठी नको." मी म्हणायचे, जाते आप्पा. कधी परीक्षा, कधी दौरा, कधी काकतीला बहिणीकडे कार्य. कारणं काय, मागितली तेवढी मिळतात. मी घाबरत होते, दुसरं काही नाही. तिच्या नवऱ्याच्या दारात जाऊन काय बोलू?

गेल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. झोपेतच. निपाणीला त्यांच्या घरी जाऊन आले, आणि परतीच्या गाडीत न बसता उलट दिशेची, माळाकडची पकडली. आता नाही गेले तर कधीच जाणार नाही, हे मला समजलं होतं.

तिचा नवरा घरीच होता. अंगणात बसून खुरप्याला मूठ बसवत होता. एकटाच. मी फाटकाशी उभी राहिले आणि सगळं बोलून टाकलं, उभ्या उभ्या, एका दमात. ती हसली ते, मी वळले ते, बैठकीत गप्प बसले ते. त्यानं मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"आप्पांनी त्यांचं सांगितलंतं," तो म्हणाला. "पयल्याच मंगळवारी. म्हणाले, माझ्यासंगं आनिक एक जण हुतं. मी नाव इचारलं. लई इचारलं. डोस्कं फिरलंतं माझं तवा. न्हाय सांगितलं. म्हणाले, ते आपल्या पायानं येईल. आलं की हाकलू नको."

"तीन वर्सं लागली तुमाला," तो म्हणाला. आवाज चढला नाही, पण नजर काढली नाही माझ्यावरनं. मग उठला, फाटक उघडलं, ओसरीवर घोंगडं टाकलं. "बसा. त्या दिशी जे इचारायचं ऱ्हायलं, ते आता इचारा. ह्या घरचं कुठंच काय लिवलेलं न्हाय."

पिशवीत तक्ता होता. असतोच. मी पेन काढलं आणि तक्ता मांडीवर घेतला. त्यातला पहिला प्रश्न असतो, घरात माणसं किती. तो मला विचारता आला नाही.