सर्व्हरवर बसलेला घट

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि अर्जापलीकडं आमच्यात कुणी काही लिहिलेलं नाही. पण ही गोष्ट सांगायला गेलो की लोक हसतात, आणि मला अजून हसू येत नाही. म्हणून लिहितो.

कॉलेज सांभाळून मी लहान दुकानांचे, दवाखान्यांचे सर्व्हर बसवून देतो. लोहाऱ्यातल्या एका रक्त तपासणीच्या लॅबचाही मीच बसवला. आडवी लोखंडी पेटी, वरून उघडणारं झाकण. सगळ्या पेशंटचे जुने रिपोर्ट तिच्यात. ‘यावर काही ठेवू नये’ असा कागद मी स्वतः चिकटवला होता.

नवरात्रात चौथ्या माळेला लॅबवाल्या दादांचा फोन आला. "इंजिनिअर साहेब, डबा बंद पडलाय."

जाऊन बघतो तर पेटीवर घट बसलेला. पत्रावळीत काळी माती, मधोमध पाण्याचं मडकं, भोवती धान्याचे कोंब. माझा कागद मातीखाली. मडकं पाझरत होतं आणि पाणी झाकणाच्या फटींतून आत चाललं होतं.

"आजी, इथं कशाला बसवलात?" मी दादांच्या आईला विचारलं.

"अरं, ऊब असती इथं. मागल्या साली कोपऱ्यात बसवला, तर धड उगवलंच न्हाय. आता बघ कसं तरारलंय."

"पण मला झाकण उघडायचंय. जरा बाजूला घेतो."

"हात लावू नको! बसलेला घट हलवत्यात व्हय? दसऱ्याला उठंल, तवा उघड तुझं झाकण."

मी दादांना म्हणालो, "बरं, टेबलामागं बॅकअपची डिस्क लावून दिली होती, ती द्या."

"ती व्हय? ती टीव्हीला लावलीय. आईला देवीची गाणी पाहिजे होती."

डिस्क बघितली. गाण्यांना जागा करायला रिपोर्ट पुसले होते. मीही दोन महिने ती तपासली नव्हती, हे कबूल करतो.

बाकावर जळकोटहून आलेल्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांच्या मूत्रपिंडाचा त्रास हळूहळू वाढलाय की एकदम, हे जुन्या रिपोर्टवरून बघून सोलापूरचे डॉक्टर डायलिसिसचं ठरवणार होते. घरातले कागद उंदरांनी कुरतडलेले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जायचं होतं. मला वाटलं, या तरी माझ्या बाजूनं बोलतील.

"मावशी, तुम्हीच सांगा आजींना."

त्यांनी घटाला हात जोडले. "नगं बाबा. माझ्यापायी घट नगं हलवायला."

"अहो, आत पाणी चाललंय! तुमचेच रिपोर्ट आहेत त्यात!"

"तुमच्यात घट बसतो का रं?" आजींनी मधेच विचारलं.

"नाही. आम्ही बौद्ध."

"मग तुला कसं कळंल?"

त्यात राग नव्हता. पेटीची विजेची वायर काढून ठेवली आणि परत आलो. मग रोज फोन. "आजी, पाणी कमी घाला." "कमीच घालते की. पाण्याबिगर उगवंल व्हय?"

दसऱ्याला घट उठला. झाकण काढलं. आत चिखल, गंज, आणि एका कोपऱ्यात ज्वारीचा दाणा उगवलेला.

"बघा गं बाई, आतबी उगवलं!" आजी हरखून म्हणाल्या.

मी चिखल पुसायला घेतला. बाकी सगळं गेलं होतं, पण आतली डिस्क बंद कवचात असते. ती पुसून, वाळवून माझ्या लॅपटॉपला जोडली. तिसऱ्या खेपेला ती लागली. मावशींचे दोन वर्षांचे रिपोर्ट छापले. दुसऱ्या दिवशी ते पदराखाली धरून त्या सोलापूरच्या जीपमध्ये बसल्या.

पुढं काय झालं, कुणी कळवेना. मावशींचा नंबर माझ्याकडं नव्हता. दादांना विचारलं की "बघतो, विचारतो."

तीन आठवड्यांनी नवी पेटी बसवायला गेलो. या खेपेला भिंतीवर, आजींचा हात पोचणार नाही इतक्या उंच. मी स्टुलावर चढलेलो. आजी खालून म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं न्हाय व्हय? ती जळकोटची बाई येऊन गेली की आठ दिसामागं. हळूहळूच वाढलंय म्हणं. गोळ्यांवर भागतंय. मशिनीला लावायचं न्हाय तिला."