वॉचमनकाकांनी शिकवलेला कुत्रा

वॉचमनकाकांना उघडं फाटक बघवत नसे. दुसऱ्याच्या अंगणाचं असलं तरी ते आत शिरून आधी कडी घालत आणि मग घरमालकालाच विचारत, "कोन पायजे?" बिरवाडीजवळच्या एका कंपनीच्या गेटवर त्यांची सारी हयात गेली. नोकरी सुटली, गेट सुटलं नाही.

आमच्या पोलादपूरकडच्या वाडीत ते माझ्या घराच्या खालच्या अंगाला राहत. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "मुंबईकर" म्हणत, तेही अशा सुरात की मी पास न दाखवता आत घुसलोय.

तसा घुसलो होतोच. मुंबईची नोकरी सोडून मी गावी शेळ्या घेतल्या होत्या. त्या राखायला माणूस कशाला, कुत्रा शिकवू, असं माझ्या मनानं घेतलं. परदेशातले कुत्रे नुसत्या शिट्टीवर अख्खा कळप वळवताना मी मोबाइलवर पाहिले होते. धनगराकडून पिल्लू आणलं, नाव ठेवलं कॅप्टन. ते मोठं होईतो शेळ्या शेजारच्या जनीकाकीच्या नाचणीत दोनदा शिरल्या. कापणीनंतर गुरं कुठंही फिरोत, कुणी हूं की चूं करत नाही. पण पीक उभं असताना? जनीकाकी हातातल्या विळ्यासकट दारात आली.

"परत शिरल्या ना रे, तर गावकीत उभा करीन तुला! इकून टाक, नायतर बांधून ठेव."

त्यावर घरात ठराव झाला. शेळ्या विकायची वेळ आलीच, तर मेव्हण्यानं महाडच्या एमआयडीसीत बघून ठेवलेली पॅकिंगची नोकरी मी मुकाट धरायची.

"आमी कंपनीत कुत्रे शिकवलेत रे," काका म्हणाले, आणि मी भुललो. कंपनीतले कुत्रे दुपारी त्यांच्या डब्यातली भाकरी खायला येत, एवढंच ते शिक्षण होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी कॅप्टनला पदावरून उतरवलं. "आल्या आल्या कॅप्टन? आधी हेल्पर. काम बघू, मग पुढचा हुद्दा." लाज म्हणजे, कुत्रा हेल्पर या नावाला लगेच शेपूट हलवू लागला.

मग शिट्टी. काकांची ड्युटीची शिट्टी वाजली की खालच्या रस्त्यानं शिफ्टला निघालेले मोटारसायकलवाले सवयीनं ब्रेक दाबत, वाडीतली झाडून सगळी कुत्री गोळा होत, आणि हेल्पर तेवढा माझ्या पायात येऊन झोपे.

"शेळ्या कुत्र्याला बुजतात," काकांनी निदान केलं. "आधी तू शेळी हो."

"मी?"

"मग काय मी होऊ? माझी ड्युटी शिट्टीची हाय."

झालं. मी वाकून, फणसाचा डहाळा हातात धरून जनीकाकीच्या बांधाकडे धावायचं. शिट्टी वाजली की हेल्परनं आडवं येऊन मला गोठ्याकडे वळवायचं. बायको ओट्यावर पोट धरून हसत होती. माझी कंबर सरळ व्हायच्या आत ती पोलादपूरच्या बाजाराला जाऊन आली आणि तिनं काढलेला व्हिडिओ मुंबईच्या भावकीत पोचलासुद्धा.

"काका, आता शेळ्या सोडूया की," मी रोज म्हणे.

"तुला शेळी जमू दे आधी. वरडत नायस तू."

मी ओरडायलाही लागलो.

शेवटी एकदाच्या शेळ्या सोडल्या. हेल्पर त्यांच्याकडे ढुंकून बघेना. त्याचं सारं लक्ष माझ्यावर. मी बांधाकडे पाऊल टाकलं की हा आडवा. वळसा घालून गेलो, तिथंही आडवा, वर पोटरीला हलकेच दात. ढोसत ढोसत त्यानं मला गोठ्यात नेऊन उभं केलं.

"काका! ह्यानं मलाच शेळी धरलंय!"

"आत गेलास ना? मग शिकला की तो."

मी इतका भडकलो की त्यांच्याशी बोलणंच टाकलं. पण नाचणी निसवली, पिकली, कापून झाली, शेळ्या काही परत तिच्यात शिरल्या नाहीत. का, ते जनीकाकीनं माझ्या बायकोला सांगितलं; सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या खासगीत.

"मोबाईलला रेंज येते ती आमच्याच बांधावर गो! हा तिथं बसून कुत्र्यांचे पिक्चर बघायचा. हातात फणसाचा पाला, शेळ्या ह्याच्या मागनं. आता कुत्रा ह्यालाच येऊ देत नाय, त्या कशाला येतात?"

"मी पयल्याच दिवशी वळखलेलं," काका म्हणाले. साफ खोटं! निदान तेव्हा तरी मला तसं वाटलं. आता छातीठोक सांगवत नाही, आणि म्हणूनच त्यांचा जास्त राग येतो. शेळ्या मात्र राहिल्या. पॅकिंगची नोकरी मेव्हण्यानं दुसऱ्या कुणाला तरी दिली.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा काकांना मुलानं विरारला न्यायचं ठरवलं. निघायच्या सकाळी मला त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायचं होतं. एवढे भांडलो, एकदा तरी तोंडावर म्हणावं, काका, तुमच्यामुळे मी गावात राहिलो. रस्त्याची जवळची वाट जनीकाकीच्या बांधावरून; लांबून वळसा घेईतो रिक्षा निघून गेली असती. हेल्पर आडवा. दटावलं, चुचकारलं, अक्षरशः हात जोडले. नाही म्हणजे नाही.

खाली मिनीडोर रिक्षात चढता चढता काकांनी वर पाहिलं.

"काका, सुटीची शिट्टी मारा! ह्याला बाजूला घ्या!"

"ड्युटीवर हाय तो," ते खालून ओरडले. "त्याला डिस्टर्ब करू नको!"

रिक्षा वळणाआड गेली. हेल्परनं मला घरी आणलं. मागोमाग शेळ्या आल्या.