इस्त्रीवरचं मेण

तापलेल्या मेणाचा वास आला की मला रियाधमधला, आखाती युद्धातला तो हिवाळा आठवतो: खिडक्यांच्या फटींवर चिकटवलेली टेप, तिच्या कडेने गाळून आल्यासारखा पिवळसर उजेड, आणि पलंगावर आडवी ठेवलेली, बर्फावर घसरायच्या स्कीची जोडी.

ती जोडी ऑगस्टात घाईघाईने मायदेशी गेलेल्या एका गोऱ्या सहकाऱ्याची. मी मूळचा संगमेश्वरचा, रियाधच्या अल सुलै भागातल्या रंगाच्या कारखान्यातला केमिस्ट. बर्फ पाहिला होता तो फ्रीजरमधला. तरी स्कीच्या तळाला असा लेप द्यायचा की तिने कुठे अडूच नये, या नादाने मला पुरतं झपाटलं. पॅराफिन, स्टिअरिक आम्ल आणि चिमूटभर सिलिकॉन एकत्र वितळवायचं, बायकोच्या, नंदाच्या, इस्त्रीने ते पसरायचं, आणि फ्रीजरमधल्या सुरमईमागचं हिम खरवडून, तिरक्या ताटावर थापून, लेप दिलेली प्लास्टिकची छोटी पट्टी त्यावरून सोडायची. पट्टी हमखास मध्येच अडायची. नंदा हसायची, पण हे युद्धाचं सावट सरलं की हिमालयात, औलीला जायचं, हे तिनेच ठरवलं होतं.

जानेवारीत सायरन सुरू झाले आणि ती औलीचं नाव घेईनाशी झाली. बसने जिद्दा, तिथून मुंबई, असं तिचं जाणं ठरलं. तिने बॅगेत कपाटातले देव भरले, भांडी भरली, शेवटी इस्त्रीही भरली. परत यायचं असलेलं माणूस इस्त्री नेत नाही. तसं विचारायचा धीर होईना, म्हणून शेवटचा एक लेप द्यायला मी इस्त्री मागून घेतली.

लेप देत असतानाच सायरन झाला. आम्ही दार टेपने बंद केलं, ओले टॉवेल नाकाशी धरून बसलो, आणि थोड्याच वेळात खोलीत उग्र, करपट वास पसरू लागला. विषारी वायूच आला म्हणून नंदाने माझा हात घट्ट धरला. मीही, केमिस्ट म्हणवणारा, देवाचं नाव घेऊ लागलो. मग कोपऱ्यात धुराची बारीक रेघ दिसली. इस्त्री चालूच राहिली होती, आणि तिच्यावर माझंच मेण जळत होतं. "कर्म माझं," म्हणत नंदा आधी चिडली, आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

सकाळी तिनेच हिम खरवडलं. रात्रीचा लेप दिलेली पट्टी सोडली, ती न अडता थेट ओट्यावर जाऊन पडली.

तरी ती गेलीच, जायला हवंच होतं. बस सुटताना खिडकीतून म्हणाली, "अहो, इस्त्री ओट्यावर ठेवलीय. मी येईपर्यंत तेवढं मेण काढून ठेवा."

घरी आलो, इस्त्री समोर घेऊन मेण खरवडत बसलो, आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.