भाऊंचे एकोणीस दिवस

"कोड कोणं लिहिला गा?"

टेस्टिंगला किती दिवस लागतील असं विचारलं, की भाऊ आधी हेच विचारायचे. मग खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी काढून घोटत बसायचे. ऑफिसात खर्रा खायला बंदी होती, घोटायला नव्हती.

नागपुरातल्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत चुका शोधण्यात भाऊंचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण दिवसांचा अंदाज काढायची त्यांची रीत पाहिली असती, तर तुम्हीही कपाळाला हात लावला असता. साहेबांनी दिलेला तक्ता ते उघडतसुद्धा नसत. कोड लिहिणाऱ्याच्या टेबलापाशी जायचे, घरची खुशाली विचारायचे आणि परत येऊन आकडा सांगायचे. त्याचं लग्न ठरलं असेल तर तीन दिवस जास्त. सासरे मुक्कामाला आले असतील तर पाच. एकाने नवी मोटरसायकल घेतली, तर भाऊंनी अख्खा आठवडा वाढवला. आणि आकडा बरोब्बर निघायचा, काय बोलणार!

संत्र्याच्या व्यापाऱ्यांचं ॲप हे मी सांभाळलेलं पहिलंच काम. माझी नोकरी पक्की होणं त्यावर होतं. कोडही माझाच. भाऊ खुशाली विचारायला आले, तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, की लग्न नाही, सासरे नाहीत, गाडी जुनीच आहे. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"एकोणीस दिवस."

"काहून, भाऊ?"

"तू भेऊन राहिला गा. भेलेला माणूस लय चुका करते."

मला असा राग आला, की मी त्यांना न विचारता गिऱ्हाइकाला नऊ दिवस कळवून मोकळा झालो. भाऊंना समजलं, तसे ते रविवारीही डबा घेऊन यायला लागले.

नवव्या दिवशी गिऱ्हाइकाने शंभर पेट्या संत्री विकायला काढली. ॲपने आणखी शंभर पेट्या विकत घेतल्या.

नऊ दिवस कोणी सांगितले, असं साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी मान खाली घालून कीबोर्ड पुसायला लागलो.

"मीच सांगितले, साहेब," भाऊ म्हणाले. "अंदाज हुकला माझा."

काम एकोणिसाव्या दिवशी संपलं आणि माझी नोकरी पक्की झाली. भाऊंकडे मात्र साहेबांनी पुन्हा कधी अंदाज मागितला नाही. वर्षभराने ते नोकरी सोडून नरखेडकडच्या आपल्या बागेत राहायला गेले.

निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, की माणूस हिरा, फक्त अंदाजात कच्चा. सगळे हसले, भाऊही हसले. खरं काय ते त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि मी टाळ्या वाजवल्या.