हाताची घडी, पालकांनो!

मैत्रिणींनो, आज मी आणि काही पालक माझ्या नातीच्या शाळेत दुसरीच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायला गेलो होतो. बघते तर मुलं बाजूला आणि माउस आयांच्या हातात! नातीच्या वर्गातल्या सानियाची आई तर लेकीचं नावसुद्धा स्वतःच टाइप करत होती. सानिया रडकुंडीला आलेली.

मी दरडावलं, "पालकांनो, हाताची घडी, तोंडावर बोट!"

मुलं खदखदून हसली.

"आजी, काही बिघडलं म्हणजे?" सानियाची आई म्हणाली.

"बिघडू दे की. बोट!"

सानियाने एकेक अक्षर शोधून नाव लिहिलं आणि ओरडली, "अम्मी, देखो, मैं लिखी!"

अम्मी हसत होती, पण बोट तोंडावरच!

खरं सांगा, आज तुम्ही मुलांच्या हातातून काय काढून घेतलंत?