नाळेवरचा पोचा

झाकणशेठला उघडी वस्तू बघवत नसे. चहाचा ग्लास आला की आधी त्यावर बशी. पाण्याच्या पिंपावर झाकण, खिळ्यांच्या डब्यावर झाकण, स्कूटरच्या आरशालासुद्धा त्यानं पत्र्याची टोपी करून घातली होती. उल्हासनगरात पत्र्याचे डबे बनवायचा त्याचा छोटा कारखाना. खरं नाव वेगळं होतं, पण बाजारात त्या नावानं विचारलंत तर कोणी ओळखलं नसतं.

मी त्याच्याकडे पहिल्यांदा भांडायलाच उभा राहिलो. मासे ठेवायचा माझा डबा बुडाशी गळत होता, तो झाळायला दिला होता. आणायला गेलो तर त्यावर बिजागरीचं झाकण. म्हटलं, "शेठ, हे कोणी सांगितलं होतं? माझा मासा मला दिसला पाहिजे."

तर म्हणतो, "मच्छी को भी तुम दिखते हो साईं. उसका भी तो सोचो."

मी डबा उचलला आणि तिथून निघालो. पण डबा पुन्हा कधी गळला नाही, म्हणून पुढच्या वेळीही त्याच्याकडेच गेलो.

आमचं गाव बदलापूरच्या वर, नदीकाठी. गाव म्हणायचं आपलं. आता चारी बाजूंनी टॉवर आहेत. त्यातली शिकलेली माणसं नदी दिसते म्हणून जास्त पैसे मोजून घर घेतात आणि निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट त्याच नदीत भिरकावतात. बोलायला गेलं तर म्हणतात, आजोबा, वाद नको. वाद कसा नको? खाली अंबरनाथपासून पुढे पाण्याचा रंग कोण बदलतं ते मला ठाऊक नाही, पण पाणी आपणहून लाल होत नाही एवढं तिसरी नापासालाही कळतं.

एका पुरात माझी सागाची होडी गेली. माझ्या बापानं घडवलेली. घरातली पोरं म्हणाली, "बाबा, बरं झालं, आता आराम करा." बरं झालं? घरातलं माणूस गेल्यावर असं बोलतात का कोणी? मी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

झाकणशेठला कळलं तसा तो मला कारखान्याच्या मागे घेऊन गेला. भंगारात एक अॅल्युमिनियमची बोट आली होती. कुठल्याशा रिसॉर्टच्या तळ्यात लोकांना फिरवायची. चपट्या बुडाची, दोन माणसांनी सहज उचलावी अशी, आणि पुढून छाटलेली. होडीला नाक असतं, हिला नाकच नाही.

"हा डबा आहे शेठ. होडी नव्हे."

"तो डब्बे में मैं उस्ताद हूँ. फुकट नहीं देता, डरो मत. बोट मेरी, नदी तुम्हारी. भागीदारी."

माझा स्वभाव त्याला बरोब्बर माहीत होता. फुकट म्हणाला असता तर मी पाठ फिरवली असती.

मग आमची रोजची जुंपली. मी म्हटलं, मधली आडवी फळी काढ. पाग फेकताना, म्हणजे फेकायचं जाळं टाकताना, पाय रोवून उभं राहावं लागतं. तो म्हणे, "बीचवाली निकाली तो दोनो साइड फैल जाएगी. चपाती बनेगी." मी म्हटलं, मला शिकवू नकोस. तो म्हणे, लकडी तुम्हारी, पत्रा मेरा. शेवटी त्यानं फळी काढली आणि दोन्ही कडांना आतून पट्ट्या मारून बुडाशी आडव्या बरगड्या घातल्या. मी उभा राहून हवे तेवढे हिसके दिले. हललीसुद्धा नाही. मी चांगलं काही म्हणालो नाही, पण तो माझ्या तोंडाकडे बघून हसला.

मग आवाज. पत्र्यावर नुसती अंगठी आपटली तरी डब्यासारखा खणखणाट, मासा दूर पळणार. त्यावर त्यानं प्लायची जमीन केली आणि लग्नाच्या हॉलमधलं जुनं लाल कार्पेट चिकटवलं. मी म्हटलं, "शेठ, वरात काढायची का?" आणि मागे माशांची पेटी. झाकणासकट, अर्थातच.

हा एवढा खटाटोप कशासाठी, ते त्यानं एकदाच सांगितलं. त्याचा बाप सिंधू नदीच्या काठचा. फाळणीत सगळं टाकून इथे कॅम्पात आला. "बाप रोज दरिया की बात करता था. मैंने वालधुनी का नाला देखा." दरिया म्हणजे त्यांच्या बोलीत नदी; आणि वालधुनी म्हणजे उल्हासनगरातली नाला झालेली नदी. एवढं म्हणून त्यानं आपल्या चहावर बशी ठेवली. त्याला पोहता येत नव्हतं.

बोट पाण्यात सोडायची त्या दिवशी तो तांदूळ आणि साखर घेऊन आला, त्यांच्याकडे नदीला वाहतात तशी. ती वाहून झाली. मग आमच्या रीतीचा नारळ. आमच्यात नवी होडी उतरवताना नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नारळ फोडतात. हिची नाळ म्हणजे पुढची छाटलेली कडच. मान म्हणून मी नारळ त्याच्या हातात दिला. त्यानं त्यांच्या पाण्याच्या देवाचं नाव घेत, 'झुलेलाल' म्हणत दोन्ही हातांनी असा आपटला की नाळेला हा एवढा पोचा पडला आणि नारळ तसाच्या तसा उसळून नदीत गेला.

जन्मभर पत्र्यावर ओरखडा काढला म्हणून कारागिरांना शिव्या घालणारा माणूस! तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"साईं, तुम्हारा नारियल!"

"नारळ माझा, हात तुझा."

मी म्हटलं, चल, ठोकून सरळ कर. तर नाही म्हणाला. "भगवान के काम में पडा है. इसको कोई हथौडी नहीं लगाएगा." मग बोटीत बसला, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून, डोळे मिटून. परत येईपर्यंत उघडले नाहीत. विचारलं, काय दिसलं? म्हणाला, "सब."

गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याचा मुलगा दीपक एके दिवशी मी नसताना टेम्पो घेऊन आला आणि बोट घेऊन गेला. हायवेवर त्याच्या मित्राचं हॉटेल आहे, तिथे दारात ठेवायला. बोटीत बर्फ भरायचा आणि त्यावर बाहेरून आणलेले मासे मांडायचे. नदीवरच्या बोटीत बर्फातला पापलेट! मी रिक्षा करून तिथे गेलो तर पेंटर निळा डबा उघडून बसलेला आणि दुसरा एक माणूस लाकडी हातोडा घेऊन नाळेपाशी. मी सरळ बोटीत चढून कार्पेटवर बसलो. म्हटलं, आता ठोक. माझ्यासकट ठोक.

दीपक आला. "काका, तमाशा मत करो. नदी में मच्छी है कहाँ?"

"मच्छी का नाही? तुझ्या मित्राच्या हॉटेलाचं सांडपाणी कुठे जातं ते विचार आधी. आणि हा पोचा कोणी पाडला ते ठाऊक आहे का?"

नारळाची गोष्ट त्याला माहीतच नव्हती. मी ओरडून ओरडूनच सांगितली, गिऱ्हाइकं ताटं सोडून ऐकत होती. तो ऐकता ऐकता खाली बसला, पोच्यात तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग पेंटरला म्हणाला, "डिब्बा बंद कर. ढक्कन ठीक से लगा." अगदी बापाचा आवाज.

बोट परत माझ्या काठावर आहे. सकाळी मी जातो. बरेचदा जाळ्यात जलपर्णी आणि पिशव्याच येतात. त्या टाकणाऱ्यांच्या नावानं मी मोठ्यानं बोलतो, टॉवरच्या बाल्कनीपर्यंत ऐकू जावं असं. मग परत फिरताना पेटी रिकामी असली तरी तिचं झाकण लावतो.